चवरीचं माप

"शेपटाचं माप कशाला लागतं ओ सरकारला?" जानू झोरे विचारत होता, आणि मी घोट्याएवढ्या शेणात उभी राहून त्याच्या गायीच्या शेपटीला टेप लावायचा खटाटोप करत होते. गाय एकदा इकडे सरकायची, एकदा तिकडे. शेवटी तिनं शेपटीचा फटकारा सरळ माझ्या चष्म्यावर हाणला. मी टेप शरयूच्या हातात कोंबली.

"गुरांची डॉक्टर तू आहेस ना? मग घे तू. मी आकड्यांची बाई. गाय कागदावर आली की मला हाक मार."

जानू खदखदून हसला. "आकडंवाली बाय घाबरली!" असं त्यानं बायकोला, भागूला, ओरडून सांगितलं. भागू हसली नाही. ती गोठ्याच्या दाराशी मूठ मिटून उभी होती. एका गायीची मापं संपली की पुढं यायची, मुठीतलं मीठ गायीवरून ओवाळायची आणि आत जाऊन चुलीत टाकायची. चुलीत तडतड वाजलं की मग पुढची गाय. या प्रकारात आमचा दिवस चालला होता आणि मी मनातल्या मनात चरफडत होते.

मी तेव्हा एका पशुवैद्यक महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवायचे. गुरांच्या कॉलेजात गणिताची बाई म्हणजे लग्नात आलेला इन्कमटॅक्सवाला, कुणालाच नको असतो. शरयू केळुसकर मात्र माझ्या मागं लागायची. ती जनावरांच्या पैदाशीच्या विभागात होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, आणि एकदा डोक्यात घेतलं की सोडायची नाही. तिनं डोक्यात घेतला होता हा सडा. घाटाच्या कडेवरचं उघडं पठार, त्यावर गवळी-धनगरांची चार घरं, आणि त्यांच्या काळ्या-तांबूस बारक्या गायी.

वनखात्याची नोटीस आली होती. दिवाळीनंतर सड्यावर एकही जनावर दिसता कामा नये. माणसांनी खुशाल राहावं. जानू म्हणायचा, "गुरं न्हायत तर आमी ऱ्हाऊन काय करू? दगडं राखू?" शरयूनं सरकारी कागद चाळून एक वाट काढली होती. एखाद्या जनावराला स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता मिळाली, तर त्याचं मूळ चराऊ रान काढून घेता येत नव्हतं. सड्यावरच्या गायी घाटाखालच्या सपाट मुलखातल्या, म्हणजे खलाटीतल्या गायींपेक्षा वेगळ्या आहेत, एवढं मापांनी दाखवायचं होतं. समितीची बैठक आश्विनात होती.

"ही सगळ्यात मोठी का?" मी जानूला विचारलं होतं, ते आठवतं.

"आमच्या गाया आशाच, बाय. बारक्या."

खालच्या रानातून घंटेचा आवाज येत होता. चांगला जड, भरीव आवाज. "ती कुणाची?" मी विचारलं.

"आसंल दुसऱ्या वाडीची," जानू म्हणाला, आणि भागू आत निघून गेली.

*

कागद साफ करणं हे काम कुणी नावाजत नाही, पण सगळं तिथंच ठरतं. शरयूच्या तक्त्यात खलाटीतली एक गाय मांजराएवढी उंच निघाली. मी तिला बोलावलं.

"ही गाय आहे की गोष्टीतली?"

"अरे देवा! इंच लिहिलेत. मदतीला घेतलेली मुलं टेप उलटी धरून वाचत होती वाटतं."

इंचांचे सेंटिमीटर केले. मग वजनाकडं वळलो. वजनाचे आकडे दोनशेच्या घरात, कानाचे वीसच्या आत. तसेच घातले तर वजन एकटं बोंबलत सुटतं आणि कान-शिंगांचं कुणी ऐकत नाही. म्हणून प्रत्येक मापातून त्याची सरासरी वजा करायची आणि ते माप जेवढं पांगलेलं असेल तेवढ्यानं भागायचं. मग सगळी मापं एका पंगतीला बसतात. शरयू खुर्ची ओढून शेजारी बसली होती, नखं खात.

"पुन्हा एकदा सांगा ना, हे यंत्र नक्की करतं काय? समितीत मला बोलावं लागेल."

"नऊ मापं म्हणजे नऊ दिशा," मी म्हणाले. "कागदावर मावत नाहीत. मग आपण विचारतो, ही जनावरं एकमेकांपासून सगळ्यात जास्त कुठल्या बाजूला पांगलीत? तो पहिला अक्ष. त्याच्याशी काटकोनात राहून, उरलेल्यात सगळ्यात जास्त पांगलेली बाजू, तो दुसरा. यंत्र फक्त बाजू दाखवतं. तिला नाव काय द्यायचं ते आपण ठरवायचं, आणि माती खातो ती आपण तिथंच."

मी बटण दाबलं. पडद्यावर ठिपके उमटले, एका गायीचा एक. सड्याचे तांबडे, खलाटीचे निळे. डावीकडं सगळे तांबडे, उजवीकडं सगळे निळे, आणि मधे चांगली मोकळी गल्ली. शरयू किंचाळली. खरंच किंचाळली, शेजारच्या खोलीतून शिपाई धावत आला. तिनं मला मिठी मारली, त्यालाही मारली असती. मग खालच्या गावातल्या दुकानात फोन लावून जानूला बोलावून घ्यायला सांगितलं, आणि तो उतरून येईपर्यंत ती बसली नाही.

"जानूदादा! तुमच्या गायी वेगळ्या आहेत! अगदी वेगळ्या!"

पलीकडचं बोलणं मलाही ऐकू आलं. "मंग आमी काय सांगत व्हतो इतकी वर्सं?" तो हसत होता. मलाही हसू आलं. खोटं कशाला सांगू, मीही त्या दिवशी खूश होते. पेढे मीच आणवले.

पण माझा स्वभाव वाईट. लोक जेवून हात धुतात, मी पानात काय उरलं ते बघत बसते. पहिल्या अक्षात कुठल्या मापाचा किती वाटा आहे ते काढून पाहिलं. नऊच्या नऊ मापांचं चिन्ह एकच आणि वाटा जवळजवळ सारखा. म्हणजे तो अक्ष एकच गोष्ट सांगत होता, मोठी गाय इकडं आणि छोटी गाय तिकडं. घडण होती ती दुसऱ्या अक्षावर. शिंग लांब तर तोंड आखूड, कान मोठा तर पाय बुटका, असं सगळं. आणि तिथं तांबडे-निळे ठिपके भेसळीच्या डाळीसारखे एकात एक होते.

शरयूला दाखवलं. तिचा चेहरा उतरला, पण ती लढली.

"लहान चणीची जात असते की, कुमुदताई."

"असते ना. पण लहान राहिलेली गायही लहानच दिसते. समितीतला एखादा खडूस विचारेल, बाई, या उपाशी तर नव्हत्या? तू काय सांगशील?"

"बरगड्या दिसत होत्या," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, वैशाख आहे."

"मग गवत आल्यावर जाऊ. भरलेल्या, धडधाकट गायी मापू. त्याही लहानच निघाल्या तर मी स्वतः समितीपुढं येऊन भांडते."

*

भाद्रपदात गेलो तेव्हा सडा ओळखू येत नव्हता. गुडघ्याएवढं गवत, त्यात पिवळी फुलं. भागूनं कोरा चहा दिला. जानूनं पुन्हा त्याच गायी बाहेर काढल्या. एवढं गवत पोटात जाऊनही त्या तशाच होत्या, खुज्या आणि ओढलेल्या. मी सरळच विचारलं.

"जानूदादा, याहून बऱ्या गायी नाहीत तुमच्याकडं?"

जानूनं भागूकडं पाहिलं.

"न्हाय म्हन," भागू म्हणाली. मोठ्यानं, आमच्यासमोर.

जानू खाली बसला, काडीनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "वैशाखात गळ्यातल्या घाटा वाजत व्हत्या खाली, त्या आमच्याच. चांगली गुरं रानात घातली व्हती."

"का पण?" शरयूचा आवाज चिरकला.

"माप मढ्याचं घेत्यात, बाय. मानूस भुईवर निजवला की काठीनं त्याचं माप घेयाचं, खड्डा खनायला. जित्याचं माप आमच्यात कुनी घेत न्हाय. पोराचं न्हाय, गुराचं न्हाय. तुमी इतक्या लांबनं आल्या, डाक्टरीनबाय आमच्यासाठी राबत्यात, तुमाला न्हाय कसं म्हनू? म्हून दावल्या काय गाया."

"कुठल्या दाखवल्या?"

"आईचं दूध न्हाय गावलं, आजारातनं उठल्या, आशा. मेल्या तरी चालंल आशा."

शरयू तिथंच दगडावर बसली. मला मात्र दुसरंच काही खुपायला लागलं होतं.

"शरयू, खलाटीतल्या गायी तू कुठं मापल्यास?"

"प्रदर्शनात. तालुक्याच्या. तिथं एकदम पुष्कळ जनावरं मिळतात म्हणून..."

"बक्षिसाच्या प्रदर्शनात?"

तिनं कपाळावर हात मारला. खाली लोकांनी गायी धुऊन, शिंगं रंगवून, गोठ्यातली उत्तमातली उत्तम आणून उभी केली होती. वर यांनी गोठ्यातलं टाकाऊ पुढं केलं होतं. पहिल्या अक्षावर गायी नव्हत्याच. परक्या माणसाला आपलं काय दाखवायचं आणि काय लपवायचं, ते पांगलं होतं तिथं.

"आता?" जानूनं विचारलं.

शरयू म्हणाली, "आता खऱ्या गायी मापायला हव्यात, दादा. या मापांवर समिती मान्यता देईल असं वाटत नाही मला."

"आन त्या दावल्या तर ऱ्हातील गाया हितं?"

"ते आत्ता नाही सांगता येत."

भागू उठली. "गुरं जात्यात तर जाऊंद्यात. मापून कशाला घालवायची?"

तेव्हा मी बोलले. माझा वेळ जात होता, पायाला जळवा लागल्या होत्या, आणि माझ्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. म्हणाले, "भागूबाई, टेप म्हणजे कापडाची पट्टी आहे. तिनं काही होत नाही. दृष्टबिष्ट काही नसतं. हवं तर मी लिहून देते."

"लिहून देता?" जानूनं विचारलं. चेष्टेनं नाही, खरोखर विचारलं.

"देते."

जानू उठला, पठाराच्या कडेवर जाऊन दोन्ही हात तोंडाशी धरून त्यानं हाळी दिली. खालून घंटा वाजू लागल्या आणि एकामागं एक गायी वर आल्या. सगळ्यांच्या पुढं चवरी नावाची गाय होती. काळीभोर अंगाची, शेपटीचा गोंडा पांढराशुभ्र, चालताना पाठ जराही हलत नव्हती. गायींतलं मला ओ की ठो कळत नाही, पण तिच्याकडं बघत राहावंसं वाटलं.

"हिची आई माज्या बापानं वाढवली," जानू म्हणाला. त्यानं तिची शिंगं धरली आणि डोळे मिटून घेतले. शरयूनं टेप लावली, मी आकडे लिहिले. उंची, छाती, लांबी, शिंग, शेपूट. जानू डोळे मिटूनच उभा होता. एक झाली, दुसरी झाली. भागू मीठ घेऊन आली नाही. ती घागर घेऊन पाण्याला गेली ती आम्ही उतरेपर्यंत परत आली नाही.

*

नवे आकडे मी जुन्यांसारखेच साफ केले, सगळे एका पंगतीला बसवले आणि बटण दाबलं. शरयू माझ्या खुर्चीमागं उभी होती. या खेपेला कुणी किंचाळलं नाही.

नवे तांबडे ठिपके ती मोकळी गल्ली ओलांडून गेले होते. सगळे निळ्यांत. मी एकेकावर बोट ठेवून गाय ओळखत गेले. चवरी खलाटीच्या गायींच्या अगदी मधोमध होती. दुसऱ्या अक्षावर आधीच काही नव्हतं, आताही नव्हतं. मी शिंगं वगळून पाहिली, वजन वगळून पाहिलं, फक्त तोंडाची मापं घेऊन पाहिली, तिसरा अक्ष पाहिला. माझ्याच विद्येला इतकी गयावया मी कधी केली नव्हती. काही उपयोग झाला नाही.

"खलाटीतल्या साध्या गायी मापू," शरयू म्हणाली. "प्रदर्शनातल्या नकोत. रोजच्या."

"त्या आणखी लहान निघतील, सड्याच्या खुज्या गायींच्या जवळ जातील. म्हणजे अजूनच सरमिसळ. जे काय थोडं वेगळं दिसतंय तेही जाईल."

"रक्त तपासून?"

"बैठक पुढच्या पंधरवड्यात आहे, बाळ."

ती फेऱ्या मारायला लागली. मग खिडकीशी थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "नव्या गायी बाजूला ठेवल्या तर? पहिली मापं खोटी नव्हती. त्या गायी खऱ्या होत्या, टेप खरी होती."

"ठेव," मी म्हणाले. "चित्र फार सुंदर आहे. समितीला आवडेलही. मग तुला विचारतील, गायी निवडल्या कशा? तेव्हा काय सांगशील?"

"आणि नाही विचारलं तर?"

नसतं विचारलं कदाचित. अशा बैठकांत चहा वेळेवर आला तर कोण काय विचारतं? मी तेही तिला सांगितलं. शरयू टेबलावर डोकं ठेवून रडली. एवढी मोठी बाई, हुंदके देऊन रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या गायींचे आकडे पाठवले, जुने आणि नवे, आणि कुठल्या गायी कशा निवडल्या गेल्या तेही लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं. वेगळेपण सिद्ध होत नाही.

*

दिवाळीनंतर गायी उतरवल्या त्या दिवशी आम्ही दोघी घाटाच्या पायथ्याशी गेलो होतो. जायची काही गरज नव्हती. शरयू म्हणाली, जायला हवं, म्हणून गेलो. जानू आणि भागू गुरं घेऊन आधीच उतरले होते, दलालाचा टेंपो उभा होता. खुज्या, ओढलेल्या गायी त्यानं बघितल्याही नाहीत, त्या जानूनं नातेवाइकांकडं हाकल्या. चांगल्या तेवढ्या दलालानं घेतल्या. चवरीच्या भोवती फिरून, पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "ही तर आमच्या खलाटीचीच दिसते की. सड्यावर कशी आली?"

फळीवरून चवरी चढेना, तेव्हा जानू स्वतः आधी टेंपोत चढला आणि तिला नावानं हाक मारली. मग ती मुकाट चढली. तो उतरला, फळी काढली, टेंपो गेला. वळणापर्यंत घंटा ऐकू येत होती, गळ्यातली काढायची राहिली होती.

आम्ही चौघं रस्त्यावर उभे होतो. शरयू काहीतरी म्हणायला गेली, "जानूदादा, आम्ही खूप प्रयत्न..."

"ठावं हाय, डाक्टरीनबाय," जानू म्हणाला. "तुमी लई केलंत." मग माझ्याकडं वळला. "आकडंवाली बाय, येक इचारू?"

"विचारा."

"चवरी रानातच ऱ्हायली आस्ती, तिला टेप लावलीच नस्ती, तर आज वर आस्ती का ती?"

सांगण्यासारखं माझ्याकडं पुष्कळ होतं. निवड चुकली की उत्तर चुकतं. मापानं काही बदलत नाही, आधीच असलेलं फक्त दिसतं. वर्षानुवर्षं वर्गात हेच सांगून मी पगार घेत होते. पण त्यानं हे विचारलं नव्हतं. त्यानं जे विचारलं होतं त्याचं उत्तर मला माहीत होतं. पहिल्या मापांचं ते सुंदर चित्र एकटंच समितीपुढं गेलं असतं.

"असती कदाचित," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. "मंग लागली म्हना की दिष्ट," तो म्हणाला. "तुमी तर लिहून देत व्हता."

भागू माझ्या तोंडाकडं बघत होती. चवरीला टेप लावली त्या दिवसापासून तिनं आमच्याशी बोलणं टाकलं होतं. फक्त वाट बघत उभी राहिली.

"लागली, जानूदादा," मी म्हणाले.

मग ती दोघं गुरांशिवाय घाट चढायला लागली.